ट्रायटोनिया नक्की कोण, फूल की समुद्री गोगलगाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रायटोनिया सर्च केलं तर निम्मे फोटो केशरी फुलांचे आणि निम्मे समुद्रातल्या कुठल्यातरी लिबलिबीत प्राण्याचे येतात. सर्च इंजिन गंडलंय का?

नाही, दोन्ही रिझल्ट बरोबर आहेत. ट्रायटोनिया हे आयरिसच्या कुळातल्या एका फुलझाडाच्या प्रजातीचं अधिकृत नाव आहे आणि तेच नाव सी स्लग म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायींच्या एका प्रजातीचंही अधिकृत नाव आहे. दोन्ही आजही वापरात आहेत, कोणी कोणाचं नाव ढापलेलं नाही आणि यातलं एक खरं दुसरं खोटं असंही काही नाही.

इथे प्रजाती हा शब्द मी जीनस या अर्थाने वापरतोय आणि जाती म्हणजे स्पीशीज, कारण मराठीत हे दोन शब्द प्रत्येक पुस्तकात उलटसुलट वापरलेले दिसतात आणि मग सगळाच घोळ होतो.

आधी कोणाला मिळालं हे नाव?

गोगलगायीला. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिएने १७९८ मध्ये तिला ट्रायटोनिया म्हटलं, आणि इंग्लंडमधल्या जॉन बेलेंडेन केर गॉलर या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये हेच नाव फुलझाडाला दिलं. फक्त चार वर्षांचं अंतर. पण झाडाचं नाव नंतर आलं म्हणून ते रद्द होत नाही, ते का ते पुढे येतंच आहे.

दोघांनाही समुद्रदेव ट्रायटनवरूनच नाव दिलंय का?

समुद्रात राहणाऱ्या प्राण्याला समुद्रदेवाचं नाव, एवढं सरळ आहे. झाडाचं मात्र वेगळं आहे. केर गॉलरने ट्रायटन हा शब्द वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटाच्या अर्थाने घेतला, कारण या झाडांच्या वेगवेगळ्या जातींमध्ये पुंकेसर वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात. फूल हातात आलं तर नक्की बघा, काही जातींत तिन्ही पुंकेसर फुलाच्या मधोमध सारख्या अंतरावर ताठ उभे असतात आणि काहींमध्ये तिन्ही एकाच बाजूला झुकून कमानीसारखे वाकलेले असतात. तिनाचाच आकडा असतो कारण आयरिसच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्या फुलांना तीनच पुंकेसर असतात, लिलीच्या कुळात सहा असतात, आणि फूल बघून कुळ ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे.

पण शास्त्रीय नाव म्हणजे जगात एकमेव असतं असं शाळेत शिकवलं होतं ना?

शिकवलं ते अर्धंच होतं. नाव एकमेव असायला हवं हे खरं, पण त्या त्या नियमावलीच्या आत. प्राण्यांच्या नावांची नियमावली वेगळी आहे आणि शैवाल, बुरशी आणि वनस्पती यांच्या नावांची वेगळी, जिवाणूंची आणखी तिसरी. आणि प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या नियमावल्यांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. दोन वेगळ्या शाळांच्या हजेरीपटावर एकच नाव असलं तर जसा काही प्रॉब्लेम नसतो तसंच.

यामागे इतिहास आहे. वनस्पतींच्या नावांची सुरुवात स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरतात आणि प्राण्यांची त्याच्याच १७५८ च्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. माणूस एकच, पण पुढे त्याचं काम चालवणारे लोक वेगळे झाले, त्यांच्या संस्था वेगळ्या, भांडणं वेगळी आणि त्यामुळे नियमही वेगळे. एक गंमतीचा फरक सांगतो, प्राण्यांमध्ये प्रजातीचं आणि जातीचं नाव हुबेहूब एक चालतं, म्हणजे गोरिला गोरिला हे बिनधास्त चालतं, वनस्पतींमध्ये असं नाव दिलं तर ते ग्राह्यच धरत नाहीत.

मग एकाच नियमावलीत दोन प्राण्यांना एकच नाव पडलं तर?

तर नंतर आलेल्याला नाव सोडावं लागतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे प्लॅटिपस. १७९९ मध्ये जॉर्ज शॉने या बदकासारख्या चोचीच्या प्राण्याला प्लॅटिपस हेच शास्त्रीय नाव दिलं होतं, पण ते १७९३ मध्येच एका भुंगेऱ्याला देऊन झालं होतं. म्हणून आज प्लॅटिपसचं शास्त्रीय नाव ऑर्निथोरिंकस आहे आणि प्लॅटिपस हे नुसतं बोलायचं नाव राहिलं. प्लॅटिपस नावाचा भुंगेरा मात्र अजूनही शास्त्रीयदृष्ट्या प्लॅटिपसच आहे!

आपल्या क्युव्हिएच्या बाबतीतही हेच घडलंय. त्याने काटेरी मुंगीखाऊला एकिडना हे नाव दिलं पण ते आधीच एका सापासारख्या दिसणाऱ्या माशाच्या प्रजातीला दिलेलं होतं, म्हणून एकिडनाची प्रजाती आज टॅकिग्लॉसस या नावाने ओळखली जाते. म्हणजे त्याच माणसाचं एक नाव प्राण्यांच्याच यादीत धडकलं म्हणून गेलं आणि दुसरं झाडाशी जुळत होतं तरी टिकलं. नियम कसा चालतो ते या दोन उदाहरणांतून जेवढं कळतं तेवढं नियमाचं कलम वाचून कळत नाही असं माझं मत आहे.

ट्रायटन शब्दावरूनही असाच एक बळी गेलाय. पाण्यात राहणाऱ्या न्यूट नावाच्या शेपटीवाल्या उभयचरांना १७६८ मध्ये ट्रायटन म्हटलं होतं, पण लिनियसने ते नाव १७५८ मध्येच दुसऱ्या प्राण्यासाठी वापरलं होतं, त्यामुळे न्यूटचं नाव बदलून ट्रिट्युरस करावं लागलं.

अशा जुळ्या नावांना काही खास शब्द आहे का?

आहे, हेमीहोमोनिम. होमोनिम म्हणजे एकाच नियमावलीत धडकलेली नावं, ज्यातलं एक बाद होतं. हेमीहोमोनिम म्हणजे वेगवेगळ्या नियमावल्यांतली सारखी नावं, जी दोन्ही टिकतात.

ट्रायटोनिया ही एकच केस आहे की अशी अजून आहेत?

प्रजातीच्या पातळीवर अशी शेकडो नावं आहेत. मोरस म्हणजे तुती आणि मोरस म्हणजे गॅनेट नावाचा समुद्रपक्षी. फायकस म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांची प्रजाती आणि फायकस म्हणजे अंजिराच्या आकाराचा शंख करणारी समुद्री गोगलगाय. एरिका हे झुडूपही आहे आणि उड्या मारणारा कोळीही. बॅसिलस म्हटलं की सगळ्यांना जंतू आठवतात पण बॅसिलस नावाचा काडीकिडाही आहे. आणि ड्रॅकनक्युलस, म्हणजे नारूचा जंत, ज्याचा नुसता उल्लेख झाला तरी जुन्या लोकांच्या अंगावर काटा येतो, त्याच नावाचं एक अळूच्या कुळातलं झाड आहे ज्याचं भलंमोठं जांभळट फूल सडलेल्या मांसासारखं घाण वास मारतं.

आणि पूर्ण नाव, म्हणजे प्रजाती अधिक जाती, दोन्ही शब्द जुळतात असं कधी होतं का?

होतं, आणि खरी दुर्मिळ गोष्ट हीच आहे. प्रजातीचं नाव जुळणं समजू शकतो, पण दोन्ही शब्द जुळायला दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वेळी तोच विशेषणाचा शब्द निवडावा लागतो. अशी उदाहरणं फारच थोडी आहेत आणि त्यातलं एक नेमकं आपल्या ट्रायटोनियाचंच आहे, ट्रायटोनिया पॅलिडा. केर गॉलरने एका फुलाला हे नाव दिलं आणि नंतर अमेरिकन प्राणीशास्त्रज्ञ विल्यम स्टिम्पसनने १८५५ मध्ये एका सी स्लगला दिलं. पॅलिडा म्हणजे फिकट. फूल दक्षिण आफ्रिकेतलं, फिकट रंगाचं आणि लांब नळीचं. नाव ठेवताना रंग बघून ठेवायची पद्धत दोन्हीकडे असल्यामुळे हा योग जुळून आला, कारण पॅलिडा, अल्बा, एलेगन्स, जॅपोनिका असले शब्द नावं देणारे लोक अगदी सढळ हाताने वापरतात.

बाकीची उदाहरणं पण झकास आहेत. पिएरिस जॅपोनिका हे बागेत लावायचं झुडूप आहे आणि फुलपाखरूही आहे. फायकस व्हेरिगाटा हे उंबराच्या भाऊबंदांतलं झाड आणि एक शंख. ऑरेस्टियस एलेगन्स हे एक ऑर्किड आणि एक मासा. ॲस्टेरिना गिबोसा एक बुरशी आणि एक तारामासा. माझं सगळ्यात आवडतं गॉसिया प्रिन्सेप्स, हे एक पामचं झाड आहे आणि समुद्रातला एक चिमुकला प्रकाशणारा जीवही आहे, ज्याच्यापासून मिळालेलं गॉसिया ल्युसिफरेज हे चमकणारं एन्झाइम आज जगभरच्या लॅबमध्ये वापरतात, पाम बिचारा कोणाला माहीतही नसतो.

फुलाबद्दल सांगा ना जरा, घरात लावता येतं का?

येतं. ट्रायटोनिया हे कंदापासून उगवणारं झाड आहे, सुमारे ३० जाती आहेत आणि त्या मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या, काही वर पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. जवळचे नातेवाईक म्हणजे फ्रीसिया, इक्सिया, क्रोकॉस्मिया. पानं तलवारीसारखी, पंख्यासारखी एका पातळीत लागलेली, आणि कंद खणून काढला तर त्यावर तंतूंचं जाळीदार वेष्टण दिसतं.

लागवडीत सर्वात जास्त लोक चुकतात ते एकाच ठिकाणी, सगळ्या ट्रायटोनियाला एकच वेळापत्रक लावतात. या प्रजातीत दोन गट आहेत. हिवाळ्यात पाऊस पडणाऱ्या भागातल्या जाती, उदाहरणार्थ नर्सरीत सगळ्यात जास्त मिळणारी केशरी ट्रायटोनिया क्रोकाटा, थंडीत वाढतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळ्यात पानं वाळवून झोपी जातात, तेव्हा त्यांना पाणी दिलं की कंद कुजलाच समजा. उलट ट्रायटोनिया डिस्टिकासारख्या उन्हाळी पावसाच्या भागातल्या जाती उन्हाळ्यात वाढतात, त्यांना तेव्हाच पाणी लागतं. म्हणून कंद घेताना जातीचं पूर्ण नाव विचारा, नुसतं ट्रायटोनिया एवढ्यावर समाधान मानू नका. बाकी निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन, एवढं दिलं की झालं.

माँटब्रेशिया म्हणजे पण ट्रायटोनियाच ना?

आता नाही. पूर्वी क्रोकॉस्मियाच्या काही जाती ट्रायटोनियात धरायच्या, उदाहरणार्थ आजची क्रोकॉस्मिया ऑरिया ही एकेकाळी ट्रायटोनिया ऑरिया होती. माँटब्रेशिया हा फ्रान्समध्ये व्हिक्टर लेम्वानने १८८० च्या सुमारास तयार केलेला संकर, दोन क्रोकॉस्मियांचा, त्यामुळे तोही तिकडेच गेला. जुन्या पुस्तकांत आणि काही नर्सरींच्या लेबलवर अजून ट्रायटोनिया लिहिलेलं सापडतं. उलटही झालंय, क्रोकाटाला लिनियसने इक्सिया क्रोकाटा म्हटलं होतं, ती नंतर ट्रायटोनियात आली. या सगळ्या गुंत्यातून वाट काढायला दक्षिण आफ्रिकेच्या मिरियम द व्होस यांनी १९८० च्या दशकात या प्रजातीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

आणि ती गोगलगाय? दिसते कशी?

ट्रायटोनिया ही न्यूडिब्रँक गटातली, म्हणजे जिचे कल्ले उघडे असतात अशी सी स्लग. लांबट अंग, पाठीच्या दोन्ही कडांना झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या कल्ल्यांची ओळ, डोक्यावर वास घेणारे दोन शिंगांसारखे अवयव जे धोका वाटला की म्यानात तलवार घातल्यासारखे आत जातात, आणि तोंडाच्या वर एक झालरीसारखा पडदा, ज्याने ती पुढची जमीन चाचपत जाते. युरोपच्या किनाऱ्यावरची ट्रायटोनिया होमबर्गी २० सेंटीमीटरपर्यंत वाढते. सगळ्या न्यूडिब्रँकप्रमाणे प्रत्येक जीव एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही असतो आणि अंडी लांब वेटोळ्या फितीत घालतात.

खाणं ठरलेलं असतं, सॉफ्ट कोरल, सी पेन, सी फॅन असे पॉलिप असलेले वसाहती प्राणी. होमबर्गी तर डेड मॅन्स फिंगर्स नावाच्या एकाच सॉफ्ट कोरलवर मुख्यतः जगते, त्यामुळे ती शोधायची तर आधी ते कोरल शोधावं लागतं.

मेंदूच्या संशोधनात ट्रायटोनियाचं नाव येतं ते हीच का?

हीच, आणि यात मला सांगावंसं खूप आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक मोठी ट्रायटोनिया सापडते, जुन्या पेपरांमध्ये तिचं नाव ट्रायटोनिया डायोमिडिया असं आहे, पुढे या नावातही बदल झाले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर लॅबमध्ये डेनिस विलोज यांनी १९६० च्या दशकात तिच्यावर काम सुरू केलं आणि त्याचं कारण म्हणजे तिच्या मेंदूतल्या पेशी. त्यातल्या काही इतक्या मोठ्या असतात की साध्या भिंगाखालीही वेगळ्या ओळखू येतात, रंगही पांढुरका ते केशरी, आणि एका गोगलगायीत जी पेशी जिथे असते तीच पेशी दुसरीतही तिथेच सापडते. म्हणजे आज एका पेशीत इलेक्ट्रोड घालून जे दिसलं ते उद्या दुसऱ्या प्राण्याच्या त्याच पेशीत तपासता येतं. माणसाच्या किंवा उंदराच्या मेंदूत असं एकेक पेशी नावाने ओळखणं शक्यच नसतं.

आणि ती करते काय, तर पळते. एरवी तळाशी हळूहळू सरपटणाऱ्या या प्राण्याला शिकारी तारामाशाचा स्पर्श झाला की आधी कल्ले आणि शिंगं आत ओढली जातात, अंग चपटं होतं, मग पूर्ण शरीर एकदा पाठीकडे आणि एकदा पोटाकडे असं जोरजोरात वाकायला लागतं, पुन्हा पुन्हा, आणि त्या फटकाऱ्यांनी ती तळापासून वर उचलली जाते, प्रवाह तिला बाजूला नेतो आणि तारामासा मागे राहतो. पोहण्याची स्टाइल अगदी वेडीवाकडी, पण जीव वाचतो. आता खरी गोष्ट ऐका, मेंदू शरीरातून वेगळा काढून डिशमध्ये ठेवला आणि योग्य मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला तरी त्या पेशी तोच वाकण्याचा ताल धरतात, शरीर नसताना. म्हणजे हा ताल स्नायूंकडून किंवा त्वचेकडून येणाऱ्या सिग्नलवर अवलंबून नाही, तो मेंदूतल्या मोजक्या पेशींच्या जाळ्यात तयार होतो. चालणं, पोहणं, श्वास घेणं असल्या तालबद्ध हालचाली मेंदू कसा चालवतो हे समजायला या गोगलगायीने खूप मोठी मदत केलीय.

वर तिला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही जाणवतं! १९८७ मध्ये केनेथ लोमन आणि विलोज यांनी दाखवलं की लॅबमध्ये ती चुंबकीय क्षेत्राला धरून दिशा निवडते आणि ही निवड चंद्राच्या कलेप्रमाणे बदलते. एवढं सगळं एका वीतभर प्राण्यात.

समुद्रात दिसली तर उचलून बघायची का?

नको. कल्ले उघडे आणि नाजूक असतात, आणि खाणंही ठराविक कोरलचंच असल्यामुळे टाकीत ठेवली तर बहुतेक वेळा उपासमारीने मरते. जिथे आहे तिथेच फोटो काढा.

नुसतं ट्रायटोनिया लिहिलेलं वाचलं तर फूल की प्राणी हे कसं ओळखायचं?

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे नावामागे लिहिलेलं नाव देणाऱ्याचं नाव. क्युव्हिए, १७९८ असं असेल तर गोगलगाय, केर गॉलर असेल तर झाड. प्राणीशास्त्रात सहसा वर्षही लिहितात, वनस्पतीशास्त्रात एरवी लिहीत नाहीत, तेवढ्यावरूनही अंदाज येतो. कुळाचं नाव दिलेलं असेल तर शेवट बघा, ट्रायटोनिइडी हे प्राण्यांचं कुळ, इरिडेसी हे वनस्पतींचं, म्हणजे शेवटी एसी आलं की झाड समजायचं.

पॅलिडाच्या बाबतीत मात्र जातीचं नाव लिहूनही भागत नाही, तिथे नाव देणारा लिहावाच लागतो. ज्यांचा मजकूर फक्त फुलांबद्दल किंवा फक्त सी स्लगबद्दल आहे त्यांना हे फालतू वाटतं पण मजकूर इकडून तिकडे कॉपी होतो, संदर्भ गळून पडतो आणि मग नुसतं नाव उरतं, त्यामुळे मी तरी म्हणेन की पहिल्यांदा नाव येईल तिथे एकदा पूर्ण लिहाच.

या सारख्या नावांमुळे प्रत्यक्षात काही त्रास होतो का?

माणसांना फार नाही, कॉम्प्युटरला होतो. दोन शास्त्रज्ञ बोलत असतील तर संदर्भावरून कळतंच, पण लाखो नोंदी आपोआप गोळा करणाऱ्या डेटाबेसला नुसता ट्रायटोनिया हा शब्द मिळाला तर समुद्राच्या तळाशी फुलझाड आणि डोंगरउतारावर सी स्लग अशी नोंद होऊ शकते. म्हणून चांगले डेटाबेस प्रत्येक नावासोबत सृष्टी, म्हणजे वनस्पती की प्राणी, हे वेगळं साठवतात. प्रजातींच्या नावांच्या अशा टकरी शोधायला आंतरराष्ट्रीय पातळीवर वेगळ्या सूचीही बनवल्या आहेत.

अजून एक अवघड जागा आहे, युग्लिनासारखे सूक्ष्मजीव, जे हिरवे पण आहेत आणि पोहतात पण, त्यांना दोन्ही नियमावल्यांखाली नावं दिली गेली आहेत. तिथे स्वतंत्र नियमावल्यांचा खरा त्रास होतो कारण एकच जीव दोन्ही यादीत बसतो.

मग एकाचं नाव बदलून टाकायला काय हरकत आहे?

कोणाचं बदलायचं? दोन्ही नावं २०० वर्षांहून जास्त काळ वापरात आहेत, एकीकडे बागायतीची पुस्तकं आणि हर्बेरियमची म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाची पाकिटं, दुसरीकडे मेंदूवरचे ढीगभर पेपर. एक नाव बदललं की ते सगळं जुनं साहित्य शोधणाऱ्याला दोन नावं लक्षात ठेवावी लागणार, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त घोळ. माझ्या मते आहे तेच बरं.

नवीन नावांसाठी मात्र काळजी घेतात. दोन्ही नियमावल्यांमध्ये शिफारस आहे की नवीन नाव देताना दुसऱ्या यादीत ते आधीपासून आहे का बघा आणि शक्यतो टाळा. सक्ती नाही, शिफारस. सगळ्या जीवांसाठी एकच नियमावली करायचा प्रयत्न १९९० च्या दशकात बायोकोड नावाने झाला होता, मसुदेही झाले पण तो लागू झाला नाही. २०२० मध्ये अमलात आलेल्या फायलोकोड नावाच्या वेगळ्या नियमावलीत मात्र एक नाव संपूर्ण जीवसृष्टीत एकदाच वापरायचं असा नियम आहे, पण तो उत्क्रांतीच्या शाखांच्या नावांसाठी आहे, रोजच्या जातींच्या नावांना तो हात लावत नाही.

मी निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर फोटो अपलोड करताना नाव टाइप केलं की दोन ट्रायटोनिया दिसतात, कुठलं निवडू?

नावाखाली बारीक अक्षरात गट लिहिलेला असतो, तो वाचून निवडा. चुकून फुलाच्या फोटोला गोगलगाय लागली असेल तर लगेच दुरुस्त करा, कारण अशा नोंदी पुढे नकाशांमध्ये जातात आणि तिथून काढणं फार किचकट होतं.